सरदारचं नाक आणि माझे बोंबील

रानडुकराच्या शिकारीसाठी आणलेला एक गुणी कुत्रा मी अवघ्या चार दिवसांत पार वाया घालवला.

ही साठ सालच्या आसपासची गोष्ट. डहाणूजवळ कैनाडला आमची भातशेती होती आणि बांधालगत रताळ्यांचा मळा. लावायचं काम आमचं, खायचं काम डुकरांचं! शेवटी दादांनी (म्हणजे माझ्या वडिलांनी) तलासरीकडच्या देवजीबाबांकडून सरदारला आणलं. देवजीबाबा वारली समाजाचे, जनावराचा माग काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. सरदार आठ महिन्यांचा, उभ्या कानांचा.

"नाक बघ याचं, भाऊ! सोन्याचं हाय," देवजीबाबा मला म्हणाले.

दादांनी मात्र अट घातली. "भातकापणीच्या आत यानं डुक्कर हुडकलं पाहिजे. नाहीतर परत तलासरीला! बसून खाणारा एक घरात आहे, तेवढा पुरे." (हे बोलताना ते माझ्याकडे बघत होते.)

पण पहिल्याच दिवशी सरदारने माझी एक चप्पल चावून खाल्ली आणि दुसरीवर मान टेकून झोपला. त्याला परत पाठवायचा विषय निघाला की मी त्याला घेऊन मळ्यात पळायचो.

देवजीबाबांनी डुकराच्या कातड्याचा तुकडा दिला होता. "दोरीला बांधून फरफटत न्यायचा, झुडपात लपवायचा. कुत्र्यानं हुडकला की मटणाचा तुकडा द्यायचा."

रोज मटण कुठून आणणार? आमच्याकडे मुबलक काय, तर सुके बोंबील! मी बक्षीस म्हणून बोंबील सुरू केले. आणि शोधाशोध नको म्हणून बोंबील आणि कातडं एकाच पत्र्याच्या डब्यात ठेवलं. (काय ती हुशारी!)

सरदार चार दिवसांत तयार! कातडं चिकूच्या झाडामागे लपवा, गवताच्या गंजीत लपवा, हा सरळ तिथे. दादासुद्धा मिशीत हसले.

पाचव्या दिवशी आगर गावच्या मंजुळामावशी सुक्या मासळीची पाटी घेऊन दारात आल्या. सरदार जागीच थबकला. एक पाय वर, शेपूट ताठ. पुढच्या क्षणी पाटी खाली आणि मावशी कुंपणात!

"अगो बाय माझे! ह्यो कुत्रा हाय का कोल्हा?"

"मावशी, शिकारी कुत्रा आहे तो."

"मग रानात जा म्हणावं! माझे बोंबील काय रताळी खातात?"

देवजीबाबांना बोलावलं. त्यांनी कातडं हुंगलं, डबा हुंगला, मग मलाही हुंगलं.

"भाऊ, यो डुकराच्या मागं नाय. यो बोंबलाच्या मागं हाय."

नवं कातडं आणलं, पण सरदार त्याच्याकडे ढुंकून बघेना. भात पिवळं झालं. एका सकाळी डबे बडवत सगळे डुकरांना हाकायला रानात निघाले. सरदारची ही शेवटची संधी. मी खिशात गुपचूप चार बोंबील टाकले. न जाणो, बक्षीस द्यायची वेळ आलीच तर!

डुक्कर निघालं, ते नेमकं माझ्यासमोर. मला बघून ते थबकलं. मी थबकलो नाही! पळता पळता करवंदीच्या जाळीतून थेट कोरड्या नाल्यात. पाय मुरगळला, उठता येईना. मी ओरडत होतो, पण डब्यांच्या गदारोळात ऐकतो कोण? हळूहळू डब्यांचा आवाजही लांब गेला. त्या रानात बिबटे होते. खोटं कशाला सांगू, मी रामराम म्हणत रडत होतो. डुक्कर तर निसटलंच होतं. म्हणजे सरदारही आपल्या हातचा गेला, हे वेगळंच दुःख.

तासाभराने जाळी सळसळली. मी डोळे गच्च मिटले. एक ओलं नाक माझ्या खिशात घुसलं.

सरदार! त्याने आधी चारही बोंबील संपवले, मगच तोंड वर करून भुंकायला सुरुवात केली. त्या भुंकण्याच्या रोखाने दादा आणि देवजीबाबा धावत आले. दादांनी माझा सुजलेला पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. असं त्यांनी त्याआधी कधी केलं नव्हतं.

"दादा, डुक्कर तर गेला. कुत्रा परत नेऊ ना?" देवजीबाबांनी विचारलं.

मी सरदारच्या गळ्यात हात घट्ट आवळले. दादा त्याचा कान खाजवत म्हणाले, "कशाला? डुक्कर नाही, पण आमचं गाढव तरी हुडकून दिलं ना त्यानं!"

पुढे आयुष्यात मला पुष्कळांनी गाढव म्हटलं. पण ऐकून देवाला हात जोडावेसे वाटले, ते तेव्हा एकदाच.