विलायती मुंगसाचा दूधभात

हे मी गेल्या रविवारपर्यंत कोणालाच सांगितलेलं नव्हतं. आईला नाही, बायकोला नाही. देवापुढे हात जोडून उभा राहिलो तेव्हासुद्धा दुसरंच काहीतरी पुटपुटून बाहेर पडलो. आठ वर्षं अशी काढली. आज मात्र ठरवून बसलो आहे – सगळं लिहायचं, मधलं काही गाळायचं नाही. लिहिता लिहिता स्वतःची बाजू सावरावीशी वाटली तर ते वाक्य खोडायचं. आतापर्यंत दोन खोडली आहेत.

गाठीचा ताप म्हणजे प्लेग मुंबईत यायच्या बऱ्याच आधीची गोष्ट. मी परळच्या एका गिरणीत कारकून होतो. आईसह भोईवाड्यातल्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेली होती. चाळ सगळी आमच्यासारख्यांचीच – कारकून, मास्तर, दोन भिक्षुक. जिन्यात कांदा-लसणीचा वास आला तरी कुजबुज व्हायची.

गिरणीच्या विणकामखात्यावर एक गोरा साहेब होता. त्याने बोटीवरून येताना एक जनावर आणलं होतं. लांब अंगाचं, आखूड पायांचं, पांढरंशुभ्र, डोळे तांबडे. त्याच्या मुलखात त्याला फेरेट म्हणतात. उंदीर मारायला पाळतात. गिरणीतले लोक त्याला विलायती मुंगूस म्हणायचे. साहेबाला बायकापोरं नव्हती. संध्याकाळी बंगल्याच्या व्हरांड्यात बसला की ते त्याच्या कोटाच्या बाहीत शिरून झोपायचं. नोकरांशी सदा वसकन बोलणारा तो माणूस, पण बाहीतलं जनावर जागं होऊ नये म्हणून तासन् तास हात हलवायचा नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

पावसाळ्यात साहेबाला ताप येऊ लागला आणि डॉक्टरने त्याला दीड महिना पुण्याला जायला सांगितलं. जनावर कोणाकडे ठेवायचं? बंगल्यातले नोकर त्याला भीत. मी पुढे झालो. खात्यात वरची जागा रिकामी होणार होती, हे मला ठाऊक होतं. साहेबाने पिंजरा माझ्या हाती दिला आणि सोबत एक कागद दिला, इंग्रजीत बारीक अक्षरात लिहिलेला. अख्ख्या चाळीत तो कागद नीट वाचू शकणारा मी एकटा होतो, हे लक्षात ठेवा.

कागदावर काय होतं ते मला आजही तोंडपाठ आहे. खायला कच्चं मांस द्यावं, कोंबडीचं, हाडासकट. ते न मिळालं तर ताजी मासळी. दिवसातून पुष्कळदा, थोडं थोडं. दूध, भात, गोड – अजिबात नाही. मग दुखण्याची लक्षणं. दात करकरा खाऊ लागलं, तोंडातून लाळ गळू लागली, पुढच्या पायांनी तोंड ओरबाडू लागलं तर समजावं की पोटात बिघाड आहे. विष्ठा हिरवी, चिकट किंवा कण्यांसारखी झाली तर तेच. काळी झाली तर आत रक्त जातंय. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडावी. ती लगेच खाली बसली नाही तर अंगातलं पाणी संपत आलंय. अशा वेळी ऊब द्यावी, पाणी थेंबाथेंबाने पाजावं, मांसाचा पातळ रस चाटवावा आणि गिरणीच्या घोड्यांची दुखणी बघणाऱ्या सालोत्र्याला ताबडतोब बोलवावं. माणसाने आपल्या लेकरासाठी लिहावा तसा तो कागद होता.

मांस आणायची सोयही साहेबानेच करून ठेवली होती. शिवडीच्या कोळीवाड्यातली हिरा त्याच्या बंगल्यावर मासळी घालायची. पन्नाशीची विधवा बाई, आवाज खणखणीत, आणि कोळणी सगळ्या जगाला करतात तशी मलाही अरेतुरे करायची. परळच्या पाच-सहा गोऱ्यांचे बंगले हीच तिची पोटापाण्याची सोय. रोज सकाळी ती आमच्या चाळीच्या मागच्या जिन्याशी कोंबडीचे तुकडे नाहीतर मासळी पानात बांधून ठेवणार, असं ठरलं.

तिने एक दिवस चुकवला नाही. आणि मी? मी ते पान एका काठीने मागच्या गटारापाशी ढकलायचो. कावळे टपलेलेच असायचे.

श्रावण होता. आई म्हणाली, श्रावणात हे घरात येणार नाही. आपल्या घरी राहायचं तर आपल्या घरचं खाईल. मी आईवर ढकलतोय असं वाटेल, म्हणून सांगतो – पिंजरा मागच्या गॅलरीत होता, पान मला परस्पर देता आलं असतं. आईला कळलंही नसतं. पण मला ते नको होतं. दोन दिवस जनावराने दूधभाताला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी लावलं. आणि माझ्या अंगात आलं! सगळी चाळ बघायला लोटली. विलायतचं मांसखाऊ जनावर, तांबड्या डोळ्यांचं, आणि आमच्या हातचा दूधभात खातंय! शेजारचे मास्तर म्हणाले, संगतीचा गुण. एक भिक्षुक म्हणाले, पूर्वजन्मी कोणीतरी चांगला जीव असणार. एकादशीला मी त्याला वरीचे तांदूळ घातले. लोक हसले, आणि मी मोठ्या ऐटीत पिंजऱ्याशेजारी उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदाच मी काहीतरी करून दाखवलं होतं.

दहाव्या-बाराव्या दिवशी विष्ठा हिरवी झाली.

मला कळलं नाही, असं मी आठ वर्षं स्वतःशी म्हणत आलो. खोटं आहे. मला त्याच दिवशी कळलं. मी कागद काढून वाचला. मग ते दात खाऊ लागलं – बारीक करकर, भिंतीआडून पेन्सिल तासल्यासारखी. लाळेने गळा ओला राहू लागला. पाठ वाकडी करून कोपऱ्यात बसायचं, मग पोट फरशीला टेकवून पसरायचं. मी आणखी एकदा कागद वाचला. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. कागदावर लिहिलं होतं अगदी तशी.

मग सालोत्र्याला का बोलावलं नाही? गिरणीच्या फाटकातच तर बसायचा तो. मी दोनदा त्याच्यासमोरून गेलोसुद्धा, रामराम केला. पण तो पहिला प्रश्न काय विचारणार? जनावर काय खातंय, हाच. आणि मग साहेबाला कळणार, चाळीला कळणार, माझा सगळा चमत्कार फुकट जाणार. मी ओव्याचं पाणी पाजलं, बेंबीपाशी हिंग लावला. मांसाचा रस सोडून सगळं केलं.

एका सकाळी पिंजरा धुवायला म्हणून खाली अंगणात आणला होता, तेवढ्यात हिरा आली. टोपली खाली ठेवून ती उकिडवी बसली, जनावराकडे बघत राहिली.

"याचे पोटान दुखतंय रे भाऊ," ती म्हणाली. "दात खातंय बघ. मी आनतंय ते खातंय ना?"

मी म्हणालो, "खातं की. रोज खातं."

"मंग असा कनाला झायला?" तिने पिंजऱ्यात बोट घातलं. ते चावलं नाही, बोट चाटू लागलं – मासळीचा हात होता तिचा. "चार दिस मना दे याला. माझे घरान मुंगूस होता, मना ठावं हाय."

दिलं असतं तर? ते जगलं असतं. याबद्दल मला शंका नाही. मी म्हणालो, साहेबाने माझ्या स्वाधीन केलंय, दुसऱ्याला देता येत नाही.

त्यानंतर ती आणखी लवकर उठून स्वतः शिवडीच्या धक्क्यावर जाऊ लागली, आणि जिन्याशी ठेवलेल्या पानातली मासळी कधी कधी अजून हलत असायची. आपल्याच मासळीत काही खोट असेल, या शंकेपायी तिचा हा आटापिटा चालला होता. मी काठीने पान ढकलत राहिलो. सातव्या दिवशी दुपारी ते मेलं. उचललं तेव्हा अंगात वजन असं नव्हतंच. पिंजऱ्यातली वाटी दूधभाताने भरलेली होती.

साहेब परत आला त्या दिवशी मी बंगल्यावर गेलो. योगायोगाने हिराही टोपली घेऊन मागच्या दारात उभी होती. साहेबाने विचारलं, कशाने मेलं? मी म्हणालो, कोळणीची मासळी नासकी होती. हे मी इंग्रजीत म्हणालो. ती चार पावलांवर उभी होती आणि तिला कळू नये म्हणून इंग्रजीत म्हणालो. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, काहीतरी चांगलं सांगतोय अशा समजुतीने. मग साहेबाने तिची टोपली लाथेने उलटी केली. ओरडता ओरडता त्याचा आवाज फाटला आणि तो आत निघून गेला. ती मासळी गोळा करत मला विचारू लागली, काय झायला, काय म्हणतंय तो? मी मराठीत सांगितलं, "तुझ्या मासळीने मेलं ते." आठवड्याभरात बाकीच्या बंगल्यांचे दरवाजेही तिला बंद झाले. वरची जागा मला मिळाली.

इथवर सांगायला फारसं धैर्य लागलं नाही. खरं पुढेच आहे.

पंधरा दिवसांनी हिरा चाळीच्या अंगणात आली. टोपली नव्हती. मला वाटलं भांडायला आली असेल. मी उत्तरं तयार केली. ती हात जोडून उभी राहिली. म्हणाली, भाऊ, तू बामण. मुका जीव माझे हातान गेला, झोप येत नाय. आता मी काय करू ते तूच सांग.

त्या क्षणी मला एक वाक्य बोलायचं होतं. फक्त एक. आजूबाजूला कोणी नव्हतं, साहेब नव्हता, चाळ कामावर गेलेली होती. मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "मासा सोड. जन्मभर तोंडाला लावू नकोस."

का म्हणालो? तिने पुन्हा येऊ नये म्हणून? का दोष एकदा तिने आपणहून डोक्यावर घेतला की तो माझा उरणार नाही म्हणून? दोन्ही. शिवाय सांगताना मला बरं वाटलं – शास्त्रातलं काहीतरी सांगतोय असा आव आणून मी सांगितलं, आणि ती वाकून माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.

तिने मासा सोडला. मी परळच्या बाजारात तिला बघायचो. हळूहळू पुन्हा टोपली घेऊन बसू लागली होती, पण अंगाने निम्मी झाली होती. दुसऱ्या कोळणी तिला हसायच्या, भटीण म्हणायच्या. दिवसभर मासळी कापून विकायची आणि घरी मिठाशी भात खायची. मी रस्ता बदलून जायचो. आठ वर्षं.

गेल्या रविवारी गिरणी बंद होती. सकाळीच शिवडीला गेलो. कोणी सांगितलं नव्हतं, आजारी नव्हतो, गाठीच्या तापाच्या भीतीनेही गेलो नाही. जायचं ठरवलं आणि गेलो. ती दारात जाळं सोडवत बसली होती. मी उभ्यानेच सांगितलं, मोठ्याने, मराठीत, शेजारच्या बायका ऐकत असताना – दूधभात, काठी, कावळे, इंग्रजीतलं वाक्य, आणि मासा सोड म्हणालो ते.

तिच्या हातातलं जाळं थांबलं. मग तिने विचारलं, "म्हावरा त्याला कधी दिलाच नाय?"

"नाही."

"मंग ते भुकेन मेला."

मी हो म्हणालो. इतक्या वर्षांत मी पोट बिघडलं म्हणत होतो, बाधलं म्हणत होतो. भुकेने मेलं असं मी एकदाही म्हटलं नव्हतं.

ती जाळं बाजूला सारून आत गेली. सुनेला म्हणाली, "मना म्हावरा वाढ." सून बघतच राहिली. मग तिने थाळीत भात आणि माशाच्या कालवणातली एक तुकडी वाढली. मी उंबऱ्याबाहेर उभा होतो. हिराने मला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. तिने काटा काढला, घास केला, तोंडात घातला. चावत राहिली, चावत राहिली. डोळ्यांत पाणी आलं. मग तो घास तिने हातावर काढला आणि थाळीच्या कडेला ठेवला.

"आता नाय उतरत," ती सुनेला म्हणाली, आणि मीठ मागितलं.