पूजा झाली का माझी?

माझी सासू काही म्हणता काही विसरायची नाही. लग्नात माझ्या माहेरच्यांनी मानाच्या साडीला फॉल लावला नव्हता, हे तिला बावीस वर्षं पाठ होतं. दुधावरचं झाकण कोणत्या श्रावणात उघडं राहिलं, कोणत्या पाहुण्याला मी चहा उशिरा दिला, सगळं. परभणीजवळ झरीत आमचं किराणा दुकान. गिऱ्हाईक दारात आलं की ही त्याच्या आज्याची भांडणं उकरून सांगायची. मरो. सांगायचं ते असं, की ह्याच बाईला कॅन्सर झाला, औषधांनी तिचं डोकं पार रिकामं केलं, आणि मी त्याचा फायदा घेतला. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

आम्ही लिंगायत. सकाळी आंघोळ झाली की गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेलाचं पान वाहायचं, जप करायचा आणि परत कापडात बांधून गळ्यात घालायचं. आता बरेच लोक चहा घेऊनही पूजेला बसतात, पण सासूच्या राज्यात पूजेआधी पाण्याचा थेंब नाही. मी तिला आत्या म्हणते, म्हणायला काय लागतं.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला सातवा महिना चालू होता. पूजा उरकून चहाला आधण ठेवलं तर म्हणाली, "ध्यान न्हवतं तुझं. जांभई दिलीस. परत बस." परत बसले. उठले तर म्हणाली, "लय लवकर उठलीस. परत." असं तीनदा. अकरा वाजले, मी ओट्यापाशी भोवळ येऊन पडले, आणि ती नणंदेला म्हणाली, "बघ, नाटकं." पोरगं वाचलं, आज पुण्यात नोकरीला आहे. पण त्या दिवसापासून मी दात धरून होते.

सासूच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग दर तीन आठवड्यांनी औरंगाबादला नेऊन केमोचं सलाईन. केस गेले, नखं काळी पडली, ते तिनं सोसलं. ती बाई चिवट आहे, तेवढं मान्य केलंच पाहिजे. पण तिसऱ्या सलाईननंतर डोकं जायला लागलं. भाजी चिरायला बसली की समोर विळी, हातात दुधी भोपळा, आणि भोपळ्याचं करायचं काय ते आठवेना. चष्मा डोळ्यांवर आणि चष्म्यासाठी घरभर फिरायची. कुणाशी बोलता बोलता मधेच थांबायची, म्हणायची, "काय सांगायले होते मी?" आणि कुणी सांगितलं तर खाली मान घालायची.

डॉक्टर मला म्हणाले, "औषधांनी होतं असं. बहुतेकांचं हळूहळू निवळतं. चिडू नका, आठवण करून देत जा. आणि उपाशी ठेवू नका, पाणी भरपूर पाजा." आठवण करून देण्याचं काम माझ्यावर आलं. माझे मालक सकाळी सातला दुकानात जायचे, घरात आम्ही दोघीच.

एका सकाळी तिची पूजा झाली होती. मी चहा गाळत होते. ती आतून आली आणि म्हणाली, "माझी पूजा झाली का गं?" बावीस वर्षांत तिनं मला कधी काही विचारलं नव्हतं, फक्त सांगितलं होतं. तो आवाज तिचा नव्हताच. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "न्हाई, आत्या."

देवाशपथ, ठरवून नव्हतं.

"अगं बाई," म्हणाली, आणि परत पाटावर जाऊन बसली. मी चहा झाकून ठेवला. ती उठेपर्यंत गार झाला होता.

दुसऱ्यांदा मात्र ठरवून. कपाळावर भस्माचे पट्टे दिसायचे, तर मी ओलं फडकं घेऊन जायची, "ताप बघते, आत्या," म्हणायची आणि कपाळ पुसून काढायची. वाहिलेलं बेलाचं पान परसात टाकायचं, ताटली धुऊन पालथी घालायची. मग वाट बघायची. ती विचारायचीच. "न्हाई, आत्या."

रोज नाही. रोज करायला मी काय राक्षसीण आहे का, असं मी मलाच सांगायची. ज्या दिवशी भाजीला नाव ठेवलं, ज्या दिवशी फॉलची साडी निघाली (ते बरं आठवायचं!), त्या दिवशी. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, हे काय मी केलंय का? टकलावर पदर, तळहातावर लिंग, वाळलेले ओठ हलतायत. मी दारात उभी राहून बघायची आणि मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू, लय बरं वाटायचं.

आणि ती माझ्यावर भरवसा ठेवायला लागली. हे मी धरलंच नव्हतं. फोनवर नणंदेला सांगायची, "माझं डोकं फुटक्या मडक्यागत झालंय बाई. पण सून हाय. ती सांगती तेच खरं." नणंद मला म्हणायची, "वहिनी, तुमी हाव म्हणून आई हाय." मी म्हणायची, "त्यात काय एवढं." स्वतःच्या डोळ्यांपेक्षा ती माझ्या जिभेवर विसंबायला लागली होती, आणि माझी जीभ अशी.

पाचव्या सलाईननंतरची गोष्ट. उन्हाळा, परभणीचा. सकाळीच पत्रा तापलेला. आदल्या संध्याकाळी ती पाहुण्यांसमोर माझ्या आईच्या गरिबीवर बोलली होती. मी तिला तिसऱ्यांदा बसवलं. साडेदहा झाले असतील. जप चालू असताना ती एका अंगावर कलंडली. हातातलं लिंग घरंगळत पलंगाखाली गेलं. मी आधी ते उचललं, मग तिला. पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तर तिनं ओठ गच्च मिटले.

"पूजा... व्हायची हाय."

"झाली! दोनदा झालीय तुमची! प्या ना पाणी, पाया पडते!" मी किंचाळले.

तिनं माझ्याकडे बघितलं. मग प्यायली.

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "सकाळी काय खाल्लं होतं ह्यांनी?" मालक माझ्याकडे बघायला लागले. सासू डोळे मिटूनच म्हणाली, "खाल्लं की. सुनेनं पोहे दिले." त्या आठवड्यात आमच्या घरात पोहे झालेच नव्हते. तिला खरंच तसं वाटलं, का तिनं मला झाकलं, हे मला कळेना. मालक माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "लय करतीस गं तू तिचं." त्यांनी कानफाडात मारली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी सुतासारखी सरळ झाले. सकाळी आधी पाणी, आधी नाश्ता. "देवाला चालतंय, महाराजांनीच सांगितलंय," अशी थाप मारून पाजायची. ती ऐकायची. सलाईनं संपली. डोक्यावर बारीक पांढरे केस आले आणि मागोमाग डोकंही यायला लागलं. आधी नातवाचा वाढदिवस. मग गिऱ्हाईकांचे आजे. एकदा जेवता जेवता म्हणाली, "ह्या वासाच्या डाळीवरून आठवलं, तुझ्या भावानं लग्नात..." मालक खो खो हसले, "आई बरी झाली!" मी घास परत ताटात ठेवला. सगळं यायला लागलं म्हणजे तेही येणार. दर सकाळी मी तिचं तोंड बघायची, आज आठवलं का, आज आठवलं का. माझी झोप उडाली, वजन उतरलं. नणंद म्हणाली, सेवा करून करून झिजल्या वहिनी.

गेल्या महिन्यात नणंद माहेरी आली. सकाळी आम्ही तिघी स्वयंपाकघरात. सासू पूजा करून आली. कपाळावर भस्माचे तीन जाड पट्टे, लिंग गळ्यात. मी चहाची कपबशी पुढं केली. तिनं घेतली नाही.

"माझी पूजा झाली का गं?"

"आई!" नणंद घाबरली. "परत विसरायलीस का?"

"तुला न्हाई विचारलं. हिला विचारायले."

"झाली, आत्या," मी म्हणाले.

"नुसतं तोंडानं काय सांगतीस. ओलं फडकं आण अन् ताप बघ."

नणंदेनं तिच्या कपाळाला हात लावला. "ताप कुठंय? गारेगार हाय की." सासूनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "जा. आण."

मी फडकं ओलं करून आणलं. तिनं कपाळ पुढं केलं, डोळे उघडेच ठेवले. मी पुसलं. तिन्ही पट्टे गेले.

"हां," ती म्हणाली. "आता बसते परत. तू बी बस शेजारी. अन् माझी व्हईस्तोवर पाणी पिऊ नकोस."

त्या दिवशी आम्ही दोघी तीनदा बसलो. नणंदेनं एकटीनं चहा घेतला.