गाव सोडताना बंदूक

टोकियोतल्या तोयोसुत काय, अख्ख्या जपानात माझ्या मैत्रिणीच्या सासऱ्यांइतका संताप मला दुसऱ्या कोणी आणलेला नाही. काका नाशिकच्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, वय चौऱ्याहत्तर. काकू गेल्यावर तीन महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे आले आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी जपानी म्हाताऱ्यांचा एक क्लब शोधून काढला. हे म्हातारे दर रविवारी वॉर्डाच्या सभागृहात जमायचे, कमरेला चामडी पट्टा बांधायचे आणि दिवा लागला की अमेरिकेतल्या जुन्या बंदूकबाजांसारखी पिस्तुलं उपसायचे. पिस्तुल खेळण्यातलं, आपल्या दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलासारखं, नुसता आवाज. घड्याळ सेकंदाचा कितवा भाग लागला ते सांगायचं आणि मग जिंकलेला नि हरलेला दोघेही एकमेकांना वाकून नमस्कार करायचे. काकांना जपानी शून्य, त्यांना मराठी शून्य, पण क्लबात काका सगळ्यांचे लाडके.

काका मग दिसेल ती वस्तू उपसू लागले. स्टेशनच्या फाटकाशी कार्ड कमरेवरून निघायचं. छत्री, चष्मा, दवाखान्यातला थर्मामीटर, सगळं त्याच झटक्यात. कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, गल्ल्यावरच्या मुलीनं पिशवी हवी का असं विचारलं, तर काकांनी स्वेटरखालून कापडी पिशवी अशी काही खेचली की ती बिचारी दोन पावलं मागे सरली. "बघ, शरण आली," काका मला म्हणाले. मी त्यांना तिथेच सुनावलं, "काका, त्या बंदूकबाजांची कसली ही भक्ती? मूळच्या लोकांच्या जमिनी लुबाडून वसवलेली ती गावं. दारूच्या गुत्त्यात पत्ते खेळणाऱ्याला पाठीमागून गोळी घालायची आणि वर शूर म्हणवून घ्यायचं!"

"नेमही धड लागायचा नाही गं," काका शांतपणे म्हणाले. "धूर इतका व्हायचा, की समोरचं दिसायचंच नाही. आणि भर रस्त्यात समोरासमोर उभं राहणं वगैरे, ते बहुतेक मागाहून रचलेलं."

"मग तुम्ही हे करता कशाला?"

"मजा येते."

आता अशा माणसाशी भांडायचं कसं? माझं प्रत्येक म्हणणं ते मान्य करायचे, वर दोन मुद्दे जास्तीचे पुरवायचे आणि रविवारी पट्टा बांधून निघायचे.

मग मैत्रिणीच्या इमारतीच्या फलकावर सूचना लागली. भाषा इतकी नम्र, की वाचताना आपणच माफी मागावी. बागेत एक गृहस्थ शस्त्रासारखी वस्तू हाताळताना दिसल्याने काही रहिवाशांना काळजी वाटली आहे, तरी सहकार्य करावे. नाव नव्हतं, पण त्या बागेत सकाळी फिरणारा परदेशी म्हातारा एकच होता. आणि काकांच्या हातात त्या दिवशी होतं चष्म्याचं घर! पिस्तुल त्यांनी सभागृहाबाहेर कधी पिशवीतून काढलंच नव्हतं. मी तणतणत मैत्रिणीच्या घरी गेले, तर तिचा नवरा फोनवर विमानाच्या तारखा बघत होता.

"बाबांना पुढच्या गुरुवारी पाठवतोय," तो म्हणाला.

"अजून दोन महिने आहेत त्यांचे! आणि चूक कोणाची? ज्यानं तक्रार केली त्याची!"

"तुला तत्त्वाचं बोलायला बरंय. आम्हाला इथे राहायचंय."

काका खिडकीशी पाठमोरे उभे होते. नाशिकच्या घरात आता त्यांच्याशी बोलायला कोणी नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तिथूनच ते मला म्हणाले, "उद्या नऊ वाजता खाली इमारतीच्या मॅनेजरकडे जाऊ. तू दुभाषी म्हणून चल."

मी रात्रभर जपानी वाक्यं घोकली. चष्म्याचं घर, गैरसमज, परदेशी माणसाला संशयानं बघणं, सगळं तयार. काका दाढी करून, टाय लावून आले. मॅनेजरपुढे त्यांनी पिशवी उघडली आणि ते खेळणं दोन्ही हातांनी, वाकून, टेबलावर ठेवलं.

"यांना सांग, गावात शिरताना हत्यार जमा करायचं. तिकडे बंदूकबाजांच्या अमेरिकेत कित्येक गावांत हाच कायदा होता. चिठ्ठी मिळायची, आणि गाव सोडताना बंदूक परत."

"काका! आपण चष्म्याचं घर सांगायला आलोय!"

"ते सांगितलं तर तक्रार करणारा खोटा पडेल गं. शेजारी आहे तो. मी जमा केली की तोही निश्चिंत, घरचेही निश्चिंत. मग कशाला पाठवतील मला?"

राग गिळून मी काकांचं ते हत्यार जमा करण्याचं शब्दन् शब्द जपानीत सांगितलं. मॅनेजरनं पिस्तुल उलटसुलट करून पाहिलं. मग त्यानं हरवलेल्या वस्तूंना लावतात तशी एक चिठ्ठी काढली, नीट अक्षरात भरली, अर्धी दोऱ्यानं पिस्तुलाला बांधली आणि अर्धी काकांना दोन्ही हातांनी दिली. दुपारी सूचना फलकावरून गेली.

तिकीट मात्र बदललं नाही. "झालंय आता," मुलगा म्हणाला, माझ्या नजरेला नजर न देता. मी त्याच्याशी भांडले, मैत्रिणीशी भांडले. काका माझ्यावरच ओरडले, "पुरे! त्याला रोज याच लिफ्टमधून जायचंय."

गुरुवारी ते बॅग घेऊन खाली आले. मॅनेजर टेबलामागून उठला, त्यानं खण उघडला आणि चिठ्ठीसाठी हात पुढे केला. काकांनी नुसतीच नकारार्थी मान हलवली आणि दाराकडे चालू लागले.

"काका, बंदूक?" मी मागून हाक मारली. "गाव सोडताना परत घ्यायची असते ना?"

"हो," काका म्हणाले. चिठ्ठी त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून हात दाबला. "पण मी गाव सोडलंय, असं तुला कुणी सांगितलं?"