उजव्या बाजूचा पॉइंट नऊ

बैल निवडण्याचं काम घरच्यांनी माझ्यावर सोपवलं, तेव्हा मला बैलातलं एवढंच कळत होतं की त्याला पुढे शिंगं आणि मागे शेपूट असते.

पण मी यवतमाळला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि फजी लॉजिक नावाचा विषय नुकताच माझ्या अंगात आला होता. (देवी येते तसाच. फक्त लिंबू लागत नाही.) साध्या कॉम्प्युटरला हो किंवा नाही एवढंच कळतं. बैल शांत आहे? हो, म्हणजे एक. नाही, म्हणजे शून्य. फजी लॉजिकला मात्र 'तसा शांत आहे, पण...' हेसुद्धा कळतं! थोडा शांत म्हणजे पॉइंट तीन, बऱ्यापैकी शांत म्हणजे पॉइंट सात. मग वय, चाल, खूर, स्वभाव असे सगळे निकष घ्यायचे, कशाला किती वजन द्यायचं ते ठरवायचं, सगळ्यांचा मेळ घातला की निर्णय हातात. मला तर हा विषय आमच्या वऱ्हाडातच जन्मला असावा असं वाटायचं. आमच्याकडे धड हो किंवा नाही म्हणतो कोण? पाऊस येईल का विचारलं तर बाबा आभाळाकडे बघून सांगत, "येते बी, आन् नाई बी." हे शुद्ध फजी लॉजिक होतं आणि बाबा चौथी पास होते.

त्या उन्हाळ्यात आमच्या बैलजोडीतला पवळ्या साप चावून मेला. माय कितीतरी दिवस दोघांची पेंड भिजवायची आणि मग एक टोपलं गुपचूप उचलून ठेवायची. गोठ्यात भुऱ्या एकटा उरला. कापसाची ती वर्षं अशी होती की घाटंजीच्या बाजारात दोन कास्तकार भेटले तर एकमेकांना 'कसं काय' विचारायला घाबरत. बैल घ्यायचा तर एकच घेता येणार होता आणि तोही मृग लागायच्या आत. बैल चुकला की पेरणी चुकणार आणि पेरणी चुकली की साल हातचं जाणार, हे घरातल्या भिंतींनाही ठाऊक होतं.

आणि अशा वेळी मी जेवता जेवता जाहीर केलं, "बाबा, बैल मी निवडतो. शास्त्रीय पद्धतीनं!"

"तू?" बाबांचा घास हातातच राहिला. "अबे, तू लहानपणी म्हशीले बैल म्हने."

"त्यात शास्त्र नव्हतं!"

माय लगेच माझ्या बाजूने उभी राहिली. "करू द्या त्याले. एवढं शिकून राह्यलं पोट्टं, तं कोनासाठी?"

मग निकष ठरले. बाबांना चाल हवी होती. मायला स्वभाव महत्त्वाचा वाटत होता, कारण पवळ्याच्या आधीच्या बैलाने तिच्या लुगड्याचा पदर खाल्ला होता. शेजारचे रामरावकाका बोलावल्याशिवाय आले आणि 'खूर पाह्य, खूर' म्हणत चहा पिऊन गेले. प्रत्येक निकषाला मी वजन दिलं. मायच्या निकषाला जरा जास्तच दिलं, कारण मला जेवायला तीच वाढत होती.

घाटंजीच्या बैलबाजारात मी कॅल्क्युलेटर काढला आणि पहिल्याच व्यापाऱ्याला विचारलं, "हा बैल किती शांत आहे? शून्य ते एकच्या मध्ये सांगा."

"शांत?" व्यापारी छातीवर हात ठेवून म्हणाला. "साहेब, गाय हाय, गाय!"

"म्हणजे पॉइंट आठ धरू?"

व्यापाऱ्याला पॉइंट म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण घासाघीस त्याच्या रक्तात होती. "आठ? कायले गरिबाच्या पोटावर पाय देता साहेब! नऊ तं लावा!"

झालं! बातमी बाजारभर पसरली. कोणी सरकारी साहेब बैलांना मार्क देऊन राहिला म्हणून माणसं आपापले बैल ओढत माझ्याकडे यायला लागली. "साहेब, आमचाबी पाह्यजा!" "याची चाल पाहा, साडेनऊची हाय!" एकजण तर बकरी घेऊन आला. मी घामाघूम होऊन बटणं दाबत होतो आणि असा आनंद मला परीक्षेत पास झाल्यावरही कधी झाला नव्हता. बाबा? बाबा गर्दीतून फिरत, ओळखीच्या आणि अनोळखी माणसांना धरून सांगत होते, "थो कॅलकुलेटरवाला दिसून राह्यला ना, थो माहा पोरगा!"

शेवटी एक पांढराशुभ्र, देखणा बैल निघाला. वय, खूर, चाल, स्वभाव, सगळं जमवून पॉइंट नऊ! मी ओरडलोच, "बाबा, हाच!" बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, दात पाहिले, माझ्याकडे पाहिलं आणि व्यवहार ठरवून टाकला.

गावात पोचलो तर अर्धं गाव दारात जमलेलं. मायने बैलाच्या पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं, भाकर चारली. त्याने भाकर खाल्ली आणि पदराला तोंडही लावलं नाही. "पाह्यलं?" माय डोळे पुसत म्हणाली. बैलाचं नाव जागच्या जागी 'पॉइंट' पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वखर जुंपायला घेतला. भुऱ्या सवयीने आपला जुवाखाली उजवीकडे जाऊन उभा राहिला. पॉइंटला सोडलं. तो ऐटीत चालत आला, भुऱ्याला वळसा घातला आणि त्याच्याही उजवीकडे जाऊन उभा राहिला. तिथे जूच नव्हतं!

"हो तिकडं!" बाबांनी त्याला डावीकडे आणलं. तो मागून फिरून पुन्हा उजवीकडे. मग भुऱ्याला डावीकडे सरकवून पाहिलं. भुऱ्याने बाबांकडे असं बघितलं की बाबांनी नजर खाली घातली, आणि तोही मागून फिरून उजवीकडे आला. आता दोन बैल जुवाभोवती फिरत होते आणि आम्ही बापलेक बैलांभोवती! शेवटी भुऱ्याला उजवीकडे आणि पॉइंटला डावीकडे जबरदस्तीने बांधून वखर हाकला, तर जोडी गोल फिरायला लागली. वावरात सरळ तासांऐवजी भली मोठी जिलबी उमटली.

बांधावर बसलेले रामरावकाका पोट धरून म्हणाले, "अबे, हे दोघंबी उजव्या बाजूचे हायत!"

आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. गोऱ्हा असताना ज्या बाजूला जुंपायला शिकवला, त्या बाजूचा तो जन्मभर. जोडीला एक डावा लागतो आणि एक उजवा. हे इतकं उघड होतं की मला ते कोणी सांगितलं नव्हतं आणि मी कोणाला विचारलं नव्हतं! इथे फजी लॉजिकचं काही चालत नाही. पॉइंट सात डावा असा बैल देवाने अजून बनवलेला नाही.

"काहून रे," बाबांनी हळूच विचारलं, "तुह्या त्या मशिनीत डावा-उजवा नवता?"

"नव्हता बाबा. पण तुम्हाला तर ठाऊक होतं!"

बाबा कानामागे खाजवत म्हणाले, "इसरलो बावा. तुहं नाव सांगत फिरून राह्यलो होतो बजारात."

एवढं ऐकलं आणि माझा धीर सुटला. आभाळ तर पार भरून आलं होतं. व्यापारी बाजार उठवून पुढच्या गावी गेलेला. मी पॉइंटच्या डाव्या अंगाला जाऊन त्याच्या मानेवर डोकं टेकवलं आणि चक्क रडायला लागलो. आणि पॉइंट शांत झाला! फिरणं बंद, ओढाताण बंद.

"हालू नोको!" बाबा ओरडले. "तसाच उभा राह्य! त्याले डावीकडं जोडीदार पायजे, थो त्याले भेटला! आता चाल त्याच्यासंगं!"

मी चाललो. पॉइंट चालला. भुऱ्या चालला. वखर नाकासमोर सरळ निघाला! बाबा मागून असे ओरडत होते की रामरावकाकाही उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. मी जरा थांबलो की पॉइंट थांबायचा. मी पाणी प्यायला गेलो की तोही यायचा, भुऱ्या, वखर आणि बाबांसकट. वखरणी झाली, पेरणी झाली, उभ्या पिकातलं तण काढायची डवरणी झाली. कॉलेजचे मित्र शहरात नोकऱ्यांच्या मुलाखती देत होते आणि मी वावरात बैलाच्या डावीकडे कायम झालो होतो. गावातली माणसं मुद्दाम वाट वाकडी करून बघायला यायची आणि बाबांना विचारायची, "भाऊ, तीन बैलांचा वखर हाय का?"

"हाव!" बाबा छाती फुगवून सांगत. "थो शेवटचा इंजिनिअर हाय."

पीक मात्र उभं राहिलं. त्या साली आमचं वावर हिरवं दिसलं, आणि माय पुन्हा रोज दोन्ही टोपली गोठ्यात न्यायला लागली होती.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळतात आणि त्यांना जेवायचं आमंत्रण देतात. बाबांनी भुऱ्याचे खांदे मळले, पॉइंटचे मळले. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," दोघांच्या कानात म्हणून झालं. मग त्यांनी वाटीत उरलेलं लोणी पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ये बापू. तुहाबी मान हाय."

मी सदरा काढला, धावत जाऊन रांगेच्या टोकाला उभा राहिलो आणि मान खाली घातली. बराच वेळ झाला तरी खांद्यावर हात पडेना, म्हणून वर पाहिलं, तर बाबा वाटी धरून पलीकडे, पॉइंटच्या डाव्या अंगाला, रिकाम्या जागेपाशी उभे होते.

माय पदर तोंडाला लावत म्हणाली, "अवो, हाबी उजव्याच बाजूचा निंगला!"