इरल्याला बसलेली बोलणी

मला पुन्हा जेवायला लावले ते माझ्या थोरल्या जावेने. हे आधीच सांगते, कारण विचारणाऱ्यांना कुठल्या तरी देवाचे नाहीतर वैदूचे नाव ऐकायचे असते.

मी घाटावरची, वाईकडची. तिसरीत शाळा सुटली, लग्न होऊन पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या वाडीत आले. नवरा मुंबईला गिरणीत. पहिले मूल चार दिवसांत गेले आणि माझ्या घशाखाली अन्न उतरेना, तोंडून शब्द फुटेना. दहा-बारा दिवस पाहून सासूबाई ओसरीवर म्हणाल्या, "तिला बापाकडं पोचवा. बरी झाली तर झाली, नायतर राहू दे तिकडंच." बापाच्या घरी सावत्र आई. एकदा गेले की परत न्यायला कोणी येणार नाही, हे पडल्यापडल्या कळत होते. पण 'जेवते' एवढेसुद्धा म्हणता येईना.

जाऊ रोज पेजेची वाटी घेऊन उशाशी बसायची. 'खा' असे तिने एकदाही म्हटले नाही. स्वतःच्या फजित्या तेवढ्या सांगायची. सासऱ्यांना आम्ही आबा म्हणायचो. एका दुपारी ती म्हणाली,

"आबांना कमी दिसतं, ठाव हाय ना? मागल्या लावणीत मी माझं इरलं बांधावर उभं केलं नि करवंदीच्या जाळीआड मिशरी लावीत बसले. आबा आले. त्यांना वाटलं, सूनच वाकलीय. लागले बोलायला. 'उभ्या उभ्या झोपतेस काय गो? बापानं हेच शिकवलं?' इरलं गप. आबांना आणखी चेव. शेवटी मलाच इरल्याची दया आली. जाळीतनं म्हटलं, 'चुकलं, आबा.' तर म्हणतात कसे, 'हां! आता कशी वळणावर आलीस.' नि घरी येऊन सांगतात, थोरली सुधारली हो!"

पावसात डोक्यावरून पाठीवर घ्यायचे पानांचे ते इरले मीही पहिल्यांदा पाहिले तेव्हा शेतात कोणी माणूसच वाकलेय असे समजले होते. आधी नाकातून हवा सुटली, मग पोट दुखेपर्यंत हसले, आणि हसता हसता रडायला लागले.

"बोलणी बसली इरल्याला, तू कशाला रडतेस गो?"

"मग... आबांना कळलं?" इतक्या दिवसांतले माझे पहिले शब्द.

"पी आधी, मग सांगते."

मी प्याले. सासूबाई दारात उभ्या दिसल्या तशी दचकलेच. हसले म्हणून रागावतील वाटले. त्यांनी रिकामी वाटी उचलली आणि भरून आणली. बापाकडे पोचवायचा विषय पुन्हा निघाला नाही.

जावेच्या हरएक गोष्टीत वेडी ठरायची ती स्वतःच. दुसऱ्याचे हसे करून तिने कधी हसवले नाही. तिची स्वतःची दोन मुले गेली होती, हे मला फार पुढे शेजारणीकडून कळले. ते दुःख तिने माझ्यापुढे कधी मांडले नव्हते.

आता मी मुंबईला नवऱ्याजवळ असते. गावाकडचे पत्र आले की हातातले काम टाकून ते फोडते. आधी जावेची खुशाली शोधते. तिला माहेर नाही. मामाने वाढवले, मामा गेला आणि ते दार मिटले. माहेरपणाला म्हणून तिला आजवर कोणी न्यायला आले नाही. सध्या आम्ही एका खोलीत दोन बिऱ्हाडे राहतो. वेगळी खोली मिळू दे. बोटीने दासगाव बंदरात उतरून मी स्वतः वाडीवर जाईन आणि तिला महिनाभर माहेरपणाला घेऊन येईन. चुलीला हात लावू देणार नाही.