चाचणीचा मेल

मालाडच्या ज्या कंपनीत मी काम करते, तिथे आम्ही वेबसाइटचे पत्ते विकतो. पत्त्यात ठिपक्यानंतर जे येतं त्याला धंद्यात एक्स्टेन्शन म्हणतात, माझे वडील शेपूट म्हणतात. सारखी नवी शेपटं निघतात आणि ती कोणी, कशी वाटायची यावर परिषदा भरतात. अंधेरीला विमानतळाजवळच्या हॉटेलात भरली की मला जावं लागतं. गळ्यात ओळखपत्र, बशीत सुकलेला ढोकळा, आणि खुल्या माइकवर प्रत्येकाला दोन मिनिटं. समोर लाल आकडे उलटे पळत असतात आणि माणूस अजून आपण कोणाच्या वतीने बोलतोय हेच सांगत असतो. मला हसू येतं, पण मी तोंड बंद ठेवते.

मध्यंतरी सगळा पत्ता मराठीत, शेपटासकट, अशी टूम निघाली. ईमेलही मराठीत. साहेब म्हणाले, "मंचावर तूच बोल. एखादा खराखुरा माणूस दाखव ना, लोकांना आवडतं."

खराखुरा माणूस घरातच होता. गिरणी बंद पडल्यावर वडिलांनी दिंडोशीत वॉचमनची नोकरी केली आणि उरलेला सगळा वेळ भजनाला दिला. आमच्या गावच्या भजनी मंडळाचे ते बुवा. मी त्यांना आमच्याच कंपनीत मराठी ईमेल पत्ता उघडून दिला आणि पेटी वाजवताना त्यांचा फोटो काढला. ते एवढे खूश झाले की मलाच कसंतरी झालं.

कारण एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. असा पत्ता बऱ्याच ठिकाणी चालत नाही. समोरच्याची यंत्रणा जुनी असेल तर मेल सरळ परत जातो. हे धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून तर मंचावर दाखवायचा मेल आम्ही आमच्याच एका खात्यातून आमच्याच दुसऱ्या खात्यात पाठवतो. तो झकास पोचतो, लोक टाळ्या वाजवतात.

त्याच सुमारास वडिलांना डबलबारी करायची होती. दोन बुवा समोरासमोर बसतात, एकाने गायलेल्याला दुसरा गाण्यातच उत्तर देतो. वडिलांना आता दम पुरत नव्हता. "ही शेवटची बारी गो, मगे पेटी पुतण्याक देतलंय," असं ते दिवसातून दोनदा म्हणायचे. बोरिवलीच्या एका हॉलमध्ये बाऱ्या होत्या. तिथल्या अर्जावर लिहिलं होतं, मोबाइल किंवा ईमेल, दोन्हींपैकी एक. त्यांनी ईमेल लिहिला. अर्ज घेणाऱ्याला वर लेकीचं कौतुकही ऐकवलं, "ह्यो पत्तो माझ्या चेडवान केल्यान."

हे त्यांनीच मला जेवताना सांगितलं. परत जा आणि मोबाइल नंबर देऊन या, एवढंच मी म्हणायला हवं होतं. पण माझं भाषण चार दिवसांवर आलं होतं. ज्या पत्त्याचं कौतुक करायला मी उभी राहणार, तो धड चालत नाही हे घरात कबूल करायची लाज वाटली. मी मुकाट्याने जेवत राहिले.

भाषण छान झालं. पडद्यावर वडिलांचा फोटो होता, मंचावरून त्यांना मेल पाठवला, टाळ्या पडल्या. साहेबांनी पाठ थोपटली.

पंधरा दिवस वाट बघून वडील स्वतःच बोरिवलीला गेले. भिंतीवर बाऱ्यांचं पत्रक लागलं होतं, त्यात त्यांचं नाव नव्हतं. कमिटीवाला म्हणाला, "काका, मेल केला होता ना तुम्हाला. परत आला. दोन दिवस थांबलो, मग बारी दुसऱ्या बुवांना दिली."

घरी येऊन त्यांनी पाणी घेतलं आणि मला म्हणाले, "माझाच कायतरी चुकला आसतला. मी रोज सकाळी उघडून बघी होतंय."

मला स्वतःचा असा संताप आला! "तुमचं काही चुकलं नाही, बाबा," मी म्हटलं. "हा पत्ता सगळीकडे चालत नाही. मला आधीपासून माहीत होतं."

खातं एकदाचं बंद करून टाकावं म्हणून मी त्यांचा फोन हातात घेतला. आत आठ मेल होते, आठही माझे. चाचणी, चाचणी दोन, चाचणी तीन. शेवटचा मंचावरून पाठवलेला. प्रत्येकाला त्यांनी उत्तर लिहिलं होतं. "मिळाला. जेवलंस काय?" आठही वेळा तेच. ती उत्तरं माझ्याकडे पोचली होती, मी त्यातलं एकही उघडलं नव्हतं.

"बंद करू ना हे?" मी विचारलं.

"रवांदे," ते म्हणाले. "तुझे तरी येतत."