चौघांचा ब्रेक

आमची गाडी चालवायला एक माणूस लागत असे आणि थांबवायला चार.

गाडी विलायती होती. दोन दारांची, लालभडक, छत मागे दुमडून ठेवता येणारी. देवळाली कॅम्पातले एक म्हातारे पारशी गृहस्थ नाशिक सोडून मुलाकडे राहायला निघाले, तेव्हा त्यांनी ती मला विकली आणि निघताना माझा हात बराच वेळ हातात धरून ठेवला. मला वाटलं, गाडीच्या विरहाने. पुढे कळलं, ते माझं सांत्वन करत होते. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं आणि असली गाडी नाशकात दुसऱ्या कुणाकडेच नव्हती. (कारण नाशकात शहाणी माणसं बरीच आहेत.)

पळायची झकास. थांबणं मात्र तिच्या मनावर असे. सपाटीवर काही अडत नव्हतं. पेट्रोलवरचा पाय काढला की ती आपणहूनच दम खायला उभी राही. पण आमचं घर अशोक स्तंभाकडून गंगेकडे उतरणाऱ्या एका गल्लीच्या टोकाला, आणि घराच्या पुढे थेट गंगा! (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. तिच्यात बुडी मारली की पुण्य लागतं. गाडीसकट मारली तर काय लागतं याबद्दल पुराणं गप्प आहेत.) म्हणून घरात कामं वाटून दिलेली होती. उतार लागला की मी हॉर्न वाजवायचा. तो ऐकून माझी धाकटी बहीण शैला घरातून धावत वर पिठाच्या गिरणीपाशी जायची आणि रस्त्यातल्या सायकली, शेळ्या नि दळणाचे डबे बाजूला करायची. गिरणी आली की मी पेडल तीनदा दणादण दाबायचं, त्याच क्षणी सुमनने, म्हणजे आमच्या सौ.ने, दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढायचा, आणि गाडी फाटकापाशी रेंगाळू लागली की अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, चाकाखाली लाकडी ठोकळा सारायचा. अण्णा हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले होते. जन्मभर पोरांना अडवल्यावर गाडी अडवणं त्यांना अजिबात जड गेलं नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना शैलाला इगतपुरीचं स्थळ आलं.

शैला सातपूरच्या एका कारखान्यात टायपिस्ट होती. मुलगाही सातपूरलाच इंजिनियर. मध्यस्थ म्हणाले, सगळं जुळतंय, फक्त मुलाच्या वडिलांना सांभाळा. हे खैरनारमामा रेल्वेत ड्रायव्हर. उभी हयात घाटातून गाड्या खाली उतरवण्यात गेलेली, त्यामुळे माणसाची पारख ते पत्रिकेवरून न करता ब्रेकवरून करत. एका ठिकाणी म्हणे मुलीच्या भावाने चपला घासून सायकल थांबवली, तर मामा पोह्यांना हात न लावता उठून आले होते.

एरवी शैला कुठलंही स्थळ नाक नाहीतर आवाज यावरून दारातूनच परत पाठवायची. या वेळी ती स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "दादा, हे मोडलं तर मी पुन्हा कुणापुढे पोहे घेऊन येणार नाही." शैला ओरडली की मी घाबरत नसे. ती शांत झाली की मात्र घाबरत असे.

अशा वेळी शहाण्या माणसाने पाहुण्यांना स्टेशनवरून रिक्षाने आणलं असतं. पण दारात विलायती गाडी असताना पाहुणे रिक्षाने आणले तर लोक काय म्हणतील, असं अण्णा म्हणाले आणि मी त्याला मान डोलावली. मग उरला एकच उपाय, गाडीला नवे ब्रेक बसवणे. तोही शैलानेच सुचवला. तिच्या ओळखीचा कुणी एक जण रविवारी मित्राच्या वर्कशॉपमध्ये असली कामं करतो म्हणाली. (बहिणीच्या ओळखी कुठे कुठे असतात याची चौकशी भावाने करायची असते, हे मला त्या वेळी सुचलं नाही.)

त्या कुणा एकाचं नाव वसंत. मी त्याला पाहिलं तेव्हा तो कानापर्यंत ग्रीसमध्ये बुडालेला होता आणि पुढचे सगळे रविवार तसाच राहिला. भंगारात निघालेल्या एका मोठ्या गाडीचे डिस्क ब्रेक त्याने मिळवले होते. चाकाबरोबर फिरणारी पोलादी तबकडी आणि तिला दोन्ही बाजूंनी आवळणारा चिमटा, असं ते प्रकरण. ते आमच्या चाकात बसेना, म्हणून त्याने लेथवर नवे भाग कातून घेतले. मी नगरपालिकेत जन्म-मृत्यू खात्यात कारकून, तेव्हा यांत्रिक बाबतीत माझा अधिकार मोठाच! मी स्टुलावर बसून त्याला सूचना देत असे आणि सूचना संपल्या की घरची हकिकत सांगत असे.

"मुलाचा बाप एक नंबरचा चक्रम आहे रे," मी सांगितलं. "इंजिन चालवून चालवून डोकंसुद्धा रुळावरूनच चालतं. आणि पोरगा म्हणजे बापापुढे मान हलवणारा नंदीबैल असणार."

"असेल," गाडीखालून वसंत म्हणाला.

गाडी ताब्यात देताना तो म्हणाला, "साहेब, आता पेडल एकदाच दाबायचं, तेही हलकं. हँडब्रेकही घट्ट केलाय, वहिनींना तेवढं सांगा." हँडब्रेक वहिनी ओढतात हे याला कसं ठाऊक, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी फक्त "मला शिकवू नकोस" असं म्हणालो. सुमनला सांगायचं राहूनच गेलं.

पाहुणे आणायला मी नि सुमन नाशिकरोड स्टेशनवर गेलो. आगगाडीतून आधी खैरनारमामा उतरले, काळी टोपी, ताठ मान. मग मामी, काखेत तांदळाची पिशवी. त्यांच्या मागून उतरला तो वसंत. धुतलेला!

पत्रिकेतही नाव वसंतच होतं, पण नाशकात वसंत पैशाला पासरी. स्थळाबरोबर आलेल्या फोटोत कोट, टाय आणि स्टुडिओतल्या फुलदाणीवर ठेवलेला हात होता. त्या माणसाला ग्रीस लावून बघायची कल्पना कुणाला सुचणार? तो वाकून "नमस्कार, दादा" म्हणाला. चक्रम, रूळ, नंदीबैल हे शब्द ओळीने डोळ्यांपुढे उभे राहिले. आता हा बापाला एक वाक्य जरी बोलला, तरी शैलाच्या लग्नाला मीच चूड लावली असं झालं असतं.

मामा माझ्या शेजारी बसले. मागे सुमन, मामी आणि वसंत. छत उघडं होतं, कारण ऐट. सपाटीवर गाडी छान आली. मामांची नजर माझ्या पायावरून हलत नव्हती. मागे मामी पिशवीचं तोंड सोडून सुमनला तांदूळ दाखवत होत्या. "आमच्या शेतातला नवा हाय. वास बघा कसा सुटलाय."

उतार लागला. माझ्या डोक्यात नंदीबैल, हात सवयीने हॉर्नवर. हॉर्न वाजला आणि घरात नटूनथटून बसवलेली शैला सवयीने उठली. काही क्षणांत आमची लाजरी उपवर मुलगी पदर खोचून गिरणीपाशी उभी होती आणि एका सायकलवाल्याला कॅरिअरला धरून बाजूला ओढत होती. गिरणी आली. मी पेडल सगळं बळ लावून हाणलं. त्याच क्षणी मागच्या सीटवरून सुमनने दोन सीटांमधून हात घालून हँडब्रेक उपसला.

दुसऱ्यांदा दाबायची वेळच आली नाही. गाडी जागच्या जागी खिळली आणि गाडीतलं बाकी सगळं पुढे गेलं. मामांची टोपी काचेवरून उडून गिरणीच्या पायरीवर बसली. पिशवीतला तांदूळ उघड्या छतातून वर उडाला आणि सावकाश आमच्या सगळ्यांवर आणि समोर उभ्या शैलावर पडला. तेवढ्यात खालून अण्णा धापा टाकत आले, त्यांनी कधीच थांबलेल्या गाडीच्या चाकाखाली ठोकळा सारला, कपाळ पुसलं आणि हात जोडून म्हणाले, "या, या. प्रवास ठीक झाला ना?"

मामा खाली उतरले. टोपी घेतली, झटकली, घातली आणि चाकापाशी उकिडवे बसून बराच वेळ आत बघत राहिले. शैला रडण्याच्या बेतात होती. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं, पण शेजारी गंगा असूनही तेवढी सोय झाली नाही.

"ब्रेक कोणी बसवलं?" मामांनी विचारलं.

"सातपूरचा एक जण आहे," मी म्हणालो. घाबरलेला माणूस खोटं बोलतो तेव्हा तेही अर्धवटच बोलतो. "तसा बिनडोकच आहे तो."

"यांनी बसवलेत," शैला म्हणाली आणि तांदूळ भरलेल्या केसांनिशी तिने सरळ वसंताकडे बोट केलं.

मामांनी मुलाकडे पाहिलं, मग शैलाकडे, मग पुन्हा मुलाकडे. गाडीशिवाय आणखी काय काय जुळवलं गेलंय हे त्यांना तेवढ्यात उमगलं असावं. वसंताने मान खाली घातली, आणि त्या वेळी तो खरोखरच नंदीबैलासारखा दिसला. (हे मी कुणाला बोललो नाही. माणूस शिकतो.)

"ब्रेक लय भारी हाय," मामा शेवटी म्हणाले. "डायवर बदला."

मामी पदरातला तांदूळ झटकत होत्या. "पोरीवर नि पोरावर अक्षदा तर पडल्याच," त्या म्हणाल्या. "आता परत बघायचं काय राह्यलं? चला, पोहे खाऊन मुहूर्ताचं बोलू."

मुहूर्त लवकरचाच निघाला. वरातीला आमचीच लाल गाडी होती आणि व्याह्यांची अट पाळून ती नवरदेवानेच चालवली. गेली कित्येक वर्षं घरची गाडी जावईबापूच चालवतात. एकदाच दाबतात, तेही हलकं, आणि ती फाटकासमोर मुकाट उभी राहते. त्यामुळे शैलाचं, सुमनचं आणि अण्णांचं काम गेलं. मला मात्र नवं मिळालं. अण्णांनी थकल्यावर ठोकळा रीतसर माझ्या हाती दिला, आणि व्याही इगतपुरीहून आले की मी तो मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसतो, कारण गाडी सुरू करण्याआधी मामा अजूनही मागे वळून विचारतात, "दादा पेडलपासून लांब हायेत ना?"